पर्शियन मांजर पाळताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं आमच्या डोंबिवलीच्या घरात पर्शियन मांजरं आहेत. आधी साय आली, नावाप्रमाणेच सायीच्या रंगाची. चार वर्षांनी राखाडी बंड्या आला. सोसायटीत कुणाच्या मुलांनी मांजरासाठी हट्ट धरला की फोन माझ्याकडे वळवला जातो आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. औषधाचं काही असेल तर व्हेटलाच विचारा.

पर्शियन मांजर खरंच इतकं शांत असतं का?

हो. ओट्यावर उडी मारणं, पडद्याला लटकणं, पहाटे चारला घर डोक्यावर घेणं हे प्रकार फार कमी. पिल्लं धावतात, पण मोठं झालेलं पर्शियन बहुतेक वेळ एका जागी लोडासारखं पडून असतं. आवाजही बारीक. साय तोंड उघडते, पण निम्म्या वेळा त्यातून काही ऐकूच येत नाही.

मात्र शांत आहे म्हणजे बरं आहे, असं समजू नका. मांजर मुळातच दुखणं लपवतं, त्यात हे तर तक्रारच करत नाही. सायची मागची एक दाढ खराब झाली होती, तेव्हा ती ना ओरडली, ना तिने खाणं सोडलं. मला दिसलं ते एवढंच, की वाटीच्या डाव्या बाजूला रोज चार-पाच दाणे सांडलेले असायचे. ती एकाच बाजूने चावत होती. हे ध्यानात यायला मला तीन आठवडे लागले.

म्हणजे हे मांजर इराणचं का?

नाव तिथलं आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६२०च्या सुमारास इराणात होता. खोरासान भागातल्या लांब, रेशमी केसांच्या राखाडी मांजरांचं त्याने पत्रात वर्णन केलं आणि ती इटलीला न्यायचं मनावर घेतलं. (हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये गोव्यात येऊन राहिला होता.) तुर्कस्तानातून अंगोरा मांजरंही युरोपात गेली, आणि या सगळ्यांच्या सरमिसळीतून आजचं पर्शियन इंग्लंडात घडलं. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात पर्शियन होतीच. अलीकडे जनुकं तपासली, तर आजची पर्शियन मांजरं इराणकडच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांच्या जास्त जवळची निघाली. म्हणजे आडनाव एकीकडचं, कूळ दुसरीकडचं.

आणि हिमालयन?

त्याचा हिमालयाशी काही संबंध नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत पर्शियन आणि सयामीज यांचा संकर करून हे मांजर तयार केलं. कान, तोंड, पाय, शेपूट गडद आणि अंग फिकं. याच रंगसंगतीच्या सशांना हिमालयन म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. अमेरिकेतली सीएफए ही नोंदणी संस्था १९८४पासून त्याला पर्शियनचाच एक रंगप्रकार मानते. निगा तीच.

डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस यातलं कोणतं घ्यावं?

हे विक्रेत्यांचे शब्द. डॉल फेस म्हणजे नाक थोडं पुढे आलेलं, जुन्या वळणाचं तोंड. पंच फेस म्हणजे नाक दोन डोळ्यांच्या मधोमध आत बसलेलं. सेमी पंच या दोघांच्या मधलं. तोंड जितकं चपटं तितका भाव चढा. माझं मत विचाराल तर डॉल फेसच घ्या. चपट्या तोंडाच्या मांजराची नाकपुडी अरुंद असते, अश्रू नाकात उतरायची नळी वाकडी होते, दात दाटीवाटीने येतात. ते झोपेत घोरतं, उन्हाळ्यात धापा टाकतं आणि भूल द्यायची वेळ आली की डॉक्टरला जास्त सांभाळावं लागतं. अशा मांजरांना विमानात न्यायलाही बऱ्याच कंपन्या नकार देतात. जास्त पैसे मोजून श्वासाचा त्रास घरी का आणायचा?

“ट्रिपल कोट” म्हणजे काय?

जाहिरात. पर्शियनच्या अंगावर दोन थर असतात. वरचे लांब राठ केस आणि आतली कापसासारखी लोकर. तिसरा थर मी तरी पाहिलेला नाही.

पिल्लू घेताना काय बघायचं?

शक्य असेल तर आई बघा, आणि तीही तिच्या जागेवर जाऊन. पिल्लू बारा आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. “दीड महिन्याचं आहे, आत्ताच न्या, लळा लवकर लागेल” असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. कान आतून स्वच्छ हवेत, शेपटीखालचे केस कोरडे हवेत, श्वास तोंड मिटून चालायला हवा. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या पिल्लाच्या मागे उभं राहून चुटकी वाजवून बघा. त्यांच्यात बहिरेपणा बराच आढळतो.

केस फुंकरीने बाजूला करून कातडीही पाहा. बंड्या आणला तेव्हा त्याच्या कानाच्या कडेला रुपयाएवढा चट्टा होता. “कोंडा आहे, खोबरेल लावा, जाईल,” असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी ऐकलं. ते गजकर्ण निघालं. लांब केसांच्या मांजरांत ही बुरशी सहज घर करते आणि माणसालाही लागते. आठ दिवसांत माझ्या दंडावर लाल कडं उमटलं, मग मुलीच्या मानेवर. गोळ्या, औषधी अंघोळ, रोज गाद्या-चादरी धुणं असे दोन महिने गेले. सायला वेगळ्या खोलीत ठेवलं म्हणून ती वाचली. नवं पिल्लू आणलं की निदान दोन आठवडे ते जुन्या मांजरापासून लांब ठेवावं, हे मी तेव्हा शिकले.

रोज विंचरावंच लागतं का?

रोज. दिवसाआड म्हणणारे आठवड्यावर येतात आणि आठवड्यावाले मग जटा कापून घ्यायला व्हेटकडे जातात.

आमची वेळ रात्री साडेनऊची. भांडी आवरली की मी सतरंजीवर बसते आणि साय येऊन मांडीला पाठ लावून आडवी होते. दहा मिनिटं पुरतात. पाठ सगळेच विंचरतात, कारण ती समोर असते. पण जटा पाठीवर होत नाहीत. त्या होतात काखेत, कानामागे, गळ्याखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शेपटीच्या बुडाशी. तिथून सुरुवात करा, पाठ शेवटी.

हत्यार म्हणाल तर स्टीलचा कंगवा, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बारीक दातांचा. तारांचा ब्रश वरवर फिरतो, वरून मांजर मऊ दिसतं आणि आत केसांचा घट्ट नमदा तयार होत असतो. डाव्या हाताने केसांचा एक पट्टा वर धरायचा, खालच्या केसांत कंगवा कातडीला टेकवायचा आणि टोकापर्यंत अलगद आणायचा. मग पुढचा पट्टा. कंगवा न अडकता सरकला तरच ती जागा झाली म्हणायचं. तोंडाभोवती मी उवांची फणी वापरते, बारीक दातांची, आजीच्या काळातली.

या दहा मिनिटांत हात सगळ्या अंगावरून फिरतो, हा त्यातला खरा फायदा. गाठ, जखम, पिसवांची काळी विष्ठा, बरगड्या लागायला लागणं, सगळं बोटांनाच आधी कळतं. सायच्या पोटावरची मुगाएवढी गाठ मला अशीच सापडली. साधी निघाली, पण सापडली तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

जटा झालीच तर?

चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा. जटेचं मूळ कातडीलगत चिमटीत धरा, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि दुसऱ्या हाताने टोकाकडून थोडी थोडी उकला. मांजर वैतागलं की थांबा, उरलेली उद्या.

कात्री लावू नका. मी लावली होती. पहिल्याच वर्षी सायच्या काखेतली जटा निघेना, म्हणून शिवणाची कात्री घेतली. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर ती तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. तीन टाके पडले. साय तेव्हाही ओरडली नाही, नुसती अंग चोरून बसली आणि त्या रात्री माझ्या हातून खाल्लं नाही. जटा कातडीला भिडली असेल तर क्लिपरने काढून घ्या, डॉक्टरकडे किंवा मांजरांची सवय असलेल्या ग्रूमरकडे.

अंघोळ किती वेळा? केसांना तेल लावायचं का?

दीड-दोन महिन्यांतून एकदा, तेलकट वाटली तर महिन्याने. आधी विंचरायचं, मग पाणी. जटेसकट अंघोळ घातली तर ती वाळताना सुतळीच्या गाठीसारखी घट्ट बसते. पाणी कोमट, शॅम्पू मांजराचाच. आणि वाळवणं पूर्ण हवं. पावसाळ्यात आमच्याकडे कपडेच तीन दिवस वाळत नाहीत, तिथे मांजराची आतली लोकर पंख्याखाली काय वाळणार? ती दमट राहिली की बुरशी आलीच. जून ते सप्टेंबर मी अंघोळ टाळते.

तेल लावायचं नाही. ते चाटून पोटात जातं, उरलेल्यावर धूळ बसते.

उन्हाळ्यात टक्कल करावी का?

पूर्ण नाही. उघडी कातडी उन्हाने भाजते आणि केस परत पूर्वीसारखे यायला महिने जातात. पोटावरचे केस बारीक करून घेतलेले चालतात, फरशीवर पडलं की गारवा लागतो. नागपूर-अकोल्याकडच्यांनी एप्रिल-मेमध्ये कूलर किंवा एसी असलेली खोली मांजराला मोकळी ठेवावी. कोकणात आणि मुंबईकडे पारा कमी असला तरी दमटपणा छळतो. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती गंमत नव्हे. ओल्या पंचाने पंजे आणि पोट पुसत लगेच दवाखाना गाठा.

डोळ्यांतून सारखं पाणी येतं. हे चालायचंच का?

थोडं चालतं. सकाळी कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसून घ्या, दर डोळ्याला वेगळा बोळा. पुसलं नाही तर खालचे केस तांबूस होतात आणि कातडी सडते. पाणी पिवळं-हिरवं झालं, एक डोळा मिटून राहिला किंवा बुबुळावर धुरकट डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. घरातले जुने ड्रॉप्स टाकू नका. बुबुळावर जखम असेल आणि त्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असेल तर डोळा जातो.

खायला काय द्यायचं? दूध-पोळी?

सासूबाईंचं आणि माझं यावरून पहिले सहा महिने वाजलं. “मांजर दूध नाही पिणार तर काय चहा पिणार?” मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि हगवण लागते. लांब केसांच्या मांजराला हगवण लागली की शेपटीखाली काय होतं, ते एकदा सासूबाईंनाच धुवायला लागलं. तेव्हापासून दूध बंद.

मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी जाते आणि हृदय मोठं होतं. त्यामुळे शाकाहारी घरात मांजर पाळायचं तर निदान त्याचं तयार खाद्य तरी मांसाचंच हवं. नुसतं उकडलेलं चिकन रोज देणंही अपुरंच. आमच्याकडे दोन वेळा ओलं खाद्य आणि मध्ये मोजून कोरडे दाणे. ओल्यातून पाणी पोटात जातं, ते मूत्रपिंडाला बरं. चपट्या तोंडाला खोल वाटीतलं उचलता येत नाही, म्हणून उथळ बशी द्या. ती स्टीलची किंवा चिनी मातीची असू दे, प्लॅस्टिकने हनुवटीवर काळ्या पुटकुळ्या येऊ शकतात.

मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं.

लिटरचं, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूचं काय?

बारीक दाण्याचं, गोळा होणारं लिटर पंजाच्या केसांत अडकतं आणि मग पार गादीवर सापडतं. तळव्यांमधले केस कापून ठेवा किंवा लाकडी गोळ्यांचं लिटर वापरून बघा. दोन मांजरांना तीन ट्रे, आणि रोज दोनदा साफ. ट्रे घाण असेल तर पर्शियन भांडत नाही, मुकाट्याने शेजारी करतं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर मात्र तासातासाला महत्त्व आहे. मूत्रमार्ग तुंबला असेल तर तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

घरात बाळ येणार आहे. मांजर देऊन टाकायचं का?

या एका प्रश्नापायी कितीतरी मांजरं रस्त्यावर आली आहेत. भीती असते टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका जंतूची. तो जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो खरा, पण विष्ठा बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. तेव्हा ट्रे रोज साफ करा आणि ते काम गरोदर बाईने न करता नवऱ्याने करावं. घराबाहेर न जाणाऱ्या आणि कच्चं मांस न खाणाऱ्या मांजरापासून धोका फारच कमी. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही तोच जंतू येतो, पण भाजीवाल्याला कुणी घालवून देत नाही.

“मांजराचा केस पोटात गेला तर माणसाचं काय होतं?” हेही विचारतात. काही होत नाही, तो बाहेर पडतो. ज्यांना मांजरामुळे शिंका किंवा दमा होतो त्यांना तो केसामुळे नव्हे, तर मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनामुळे होतो. दम्याचा माणूस घरात असेल तर आधी कुणाच्या मांजराबरोबर दोन-तीन संध्याकाळी घालवून बघा.

लसी आणि नसबंदी?

सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर तिहेरी लस, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. पुढचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. “घराबाहेरच जात नाही” हे कारण चालत नाही. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू आपल्या चपलेला लागून घरात येतो. नसबंदी पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर. माजावर आलेली पर्शियन मांजरी शांत असते, हा गैरसमज एका रात्रीत फिटतो.

पर्शियनला किडनीचा आजार असतोच का?

असतोच असं नाही, पण या जातीत पीकेडी (पॉलिसिस्टिक किडनी डिसीज) हा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या पसरला. मूत्रपिंडात जन्मापासून पाण्याच्या बारीक पिशव्या असतात, त्या वाढत जातात आणि सात-आठ वर्षांच्या सुमाराला मूत्रपिंड थकतं. आई-बापांपैकी एकात दोष असला तरी निम्म्या पिल्लांत उतरतो. २००४ मध्ये नेमका जनुकदोष सापडला आणि तेव्हापासून गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर तपासणी होते. आई-बापांची तपासणी झालीय का, हे पिल्लू घेताना विचारा. बहुतेक ठिकाणी तोंडाकडे बघत राहतील, पण विचारा.

घरी करता येण्याजोगं म्हणजे महिन्याला वजन. मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. बायकांना ते वजा करणं नको वाटतं, तरी करा. या केसांखाली अर्धा किलो उतरलेला डोळ्यांना दिसत नाही. मादी साधारण तीन ते साडेचार किलो, बोका साडेपाचपर्यंत. वजन घटतंय आणि पाणी जास्त प्यायलं जातंय, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर रक्ततपासणी करून घ्या.

किती वर्षं जगतं?

ब्रिटनमध्ये ३,२३५ पर्शियन मांजरांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या, त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. आयुष्य साधारण साडेतेरा वर्षं, आणि मरणाच्या कारणांत मूत्रपिंडाचा आजार सगळ्यांत वर.

घरातलं काय काय धोक्याचं?

पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. ताप आला म्हणून माणसाची गोळी अर्धी करून देणारे महाभाग मी पाहिलेत. कुत्र्याचं पिसवांचं औषध देऊ नका, त्यात पर्मेथ्रिन असू शकतं, ते मांजराला विषारी. फिनाईलने फरशी पुसली की मांजर त्यावरून चालतं आणि पंजे चाटतं, म्हणून आम्ही साध्या साबणाच्या पाण्याने पुसतो. कपाटातल्या डांबरगोळ्या, देवघरातला कापूर, कांदा-लसूण हेही आवाक्याबाहेर ठेवा. बुकेतल्या मोठ्या एशियाटिक किंवा ओरिएंटल लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं बंद पडतात. लांब केसांवर ते चिकटूनच बसतात. आमच्याकडे बुके आला तर दारातूनच शेजारी जातो.

आणि खिडक्या. पर्शियनला उडी नीट जमत नाही आणि पडताना सावरणंही. कबुतरांसाठी बाल्कनीला लावतो ती जाळी लावून घ्या, कडा ताणून.

गणपतीला गावाला जायचंय. मांजराचं काय?

गावी नेऊ नका. दहा तासांचा प्रवास, अनोळखी घर, आरतीच्या झांजा आणि अंगणात कुत्री. मांजराला माणसांपेक्षा जागा लागते. दोन दिवस असतील तर शेजारी सकाळ-संध्याकाळ येऊन जाऊ दे. जास्त दिवस असतील तर कुणाला तरी घरी राहायला बोलवा.

आम्ही समोरच्या काकूंकडे किल्ली देतो. फ्रिजवर कागद लावलेला असतो: खाद्य किती, डॉक्टरचा नंबर, बंड्याने ट्रेमध्ये लघवी केली का याची रोज खूण. खाली मोठ्या अक्षरांत, “काखा विंचरणे”. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी परत आलो, तर कागदावर सगळ्या खुणा होत्या आणि त्या ओळीपुढे काकूंनी लिहिलं होतं, “साय देते. बंड्या देत नाही. तुम्हीच बघा.”